रयतमाउलीचे दागिने



दशलक्षण पर्व झाले, क्षमावाणीचे निरोप देऊन-घेऊन झाले. आता दसरा, मग निर्वाण लाडू, वहीपूजन. आपल्याकडे नवीन वहीची पूजा करताना जमा-खर्चाकडे बघतात. मी कॉमर्सची, म्हणून मला एका जुन्या वहीतल्या जमेच्या बाजूबद्दल लिहावेसे वाटते.

४ ऑक्टोबर १९१९, विजयादशमी. कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. भाऊरावांचा जन्म १८८७ चा, आपल्या कुंभोजचा. स्वतः ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकले. त्या काळी खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले तरच शाळा. शाहू महाराजांच्या आधाराने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे निघाली ती याच गरजेपोटी. आपल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेनेही (स्थापना १८९९) हे काम मनावर घेतले होते.

पण अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेल्यावरून भाऊरावांना त्याच बोर्डिंगातून बाहेर पडावे लागले. हे आपण अभिमानाच्या भाषणांत वगळतो, वगळू नये. पुढे १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी बोर्डिंग काढले, तिथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले.

आता पंगत म्हटली की रांधणारी आलीच. त्या लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी, कुंभोजच्याच. भाऊराव कधी नांगर विकायला, कधी वर्गणीसाठी गावोगाव, आणि घरात मुले जेवायची थांबलेली! सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरात वाढलेल्या या बाईने कुणाची जात न विचारता सगळ्यांना वाढले. धान्य संपले तेव्हा एकेक दागिना मोडला, शेवटी मंगळसूत्रही दिले. त्या काळात सवाष्णीने गळा रिकामा करणे म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. १९३० मध्ये त्या गेल्या. लोक त्यांना रयतमाउली म्हणतात.

आपल्या शास्त्रात दान चार प्रकारचे: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. यातली निदान दोन तरी त्या बाईंच्या चुलीपाशी रोज घडत होती. आणि आपण? अभिषेकाच्या बोलीत रक्कम चढत जाते, टाळ्या पडतात. (मीही टाळ्या वाजवते, खोटे कशाला बोलू.) पण पुण्यात खोलीभाडे परवडत नाही म्हणून घरी बसलेली मुलगी आपल्याच गल्लीत असते, तिच्यासाठी बोली लागत नाही.

आमच्या महिला मंडळात मी सुचवले आहे, की यंदा दिवाळीत प्रत्येकीने फराळाच्या खर्चातून थोडे बाजूला काढायचे आणि एका मुलीचे वर्षाचे मेसचे पैसे भरायचे. नऊ जणी तयार आहेत. मुलगी कुठल्या समाजाची असावी, यावर अजून वाद चालू आहे. पुढच्या बैठकीत मी लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगणार आहे.