दिनविशेष : मुंबईच्या थंडीचा नीचांक
द्रोणागिरी, ता. २२ जानेवारी

१९६२ साली आजच्या तारखेस मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत किमान तापमान ११.७ अंश सेल्सिअस नोंदले गेले, आणि त्याच महिन्यात सांताक्रूझ येथे पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला. हे दोन्ही आकडे हवामानखात्याच्या दप्तरी त्या त्या केंद्राचे नीचांक म्हणून दाखल आहेत.

हिमालयावर बर्फ पडून गेल्यानंतर जे शुष्क उत्तरी वारे कोकणपट्टीपर्यंत येतात, ते निरभ्र रात्री भूमीची उष्णता सहज निसटू देतात. दिल्लीकर ११.७ अंशांस हसेल, हे खरे. परंतु थंडीच्या लाटेसाठी खाते मैदानी मुलखात १० अंशांची, तर किनाऱ्यावर १५ अंशांची कसोटी लावते, ते अकारण नव्हे.

बंदराच्या पाण्याअलीकडे राहणाऱ्या द्रोणागिरीकरास या नोंदीचे अगत्य वाटावे, ते कुलाबा व सांताक्रूझच्या आकड्यांतील चार अंशांहून अधिक तफावतीमुळे. कारण समुद्रवेष्टित कुलाब्याचे उबदारपण पाण्याने राखले होते, आणि ज्या उरण-पनवेल परिसरात खाजणे, मिठागरे व भातखाचरे भरून नवी मुंबई वसविली गेली, तेथे दिवसाचा ताप रात्री परत सोडण्याचे काम आता काँक्रीटही करू लागले आहे. सबब जुन्या थंडीशी आजच्या थंडीची तुलना करताना वाऱ्याइतकाच बांधकामाचाही हिशेब घ्यावा लागेल. ‘मुंबईचे तापमान’ म्हणून एकच आकडा छापलेला दिसला, तर तो कोणत्या केंद्राचा, हे वाचकांनी आधी पाहावे.