शरणपूर : समुद्रावरची सुटका आणि जमिनीवरचा आसरा

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या अखेरीस संत पौलाच्या जहाजफुटीचा वृत्तांत आहे. जहाजावरील २७६ जण लाटांतून निभावून माल्टा बेटाला लागले. परंतु पावसाने व थंडीने काकडलेल्या त्या परक्यांसाठी बेटवासीयांनी शेकोटी पेटविली, तेव्हाच त्यांची सुटका पुरी झाली. बुडत्यास पाण्याबाहेर काढणे हा सुटकेचा पूर्वार्ध होय. उत्तरार्ध जमिनीवरच घडावयाचा असतो. तो कोणी पार पाडावा, या प्रश्नाचे एक उत्तर नाशिकच्या ख्रिस्ती इतिहासात सापडते.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतील माणसे पकडून अरबी गलबतांतून विक्रीस नेली जात. ब्रिटिश नौदलाच्या नौका गस्त घालून अशी गलबते अडवीत आणि आतील लोकांना एडन, मुंबई यांसारख्या बंदरांत उतरवीत. या कामाबद्दल नौसैनिकांना बक्षिसाची रक्कम मिळे, हेही सांगितले पाहिजे. तेथे करुणा आणि साम्राज्याचा हिशेब एकत्र नांदत होते. पण बंदरावर उतरलेल्या पोरक्या मुलाचे पुढे काय? त्याचे गाव कोठे, हे कोणास ठाऊक नसे. आणि त्यास परत धाडावे, तर तो पुन्हा व्यापाऱ्यांच्या हाती सापडण्याचे भय.

हा भार अँग्लिकन पंथाच्या चर्च मिशनरी सोसायटीने काही अंशी उचलला. १८५४ साली तिने नाशिकजवळ ख्रिस्ती लोकांची वसाहत वसविली आणि तिला शरणपूर हे नाव पडले. गणना या ग्रंथाच्या पस्तिसाव्या अध्यायातील शरणपुरे केवळ इस्राएलांसाठी नव्हती, परक्यांसाठीही होती, हे आपणांस स्मरत असेलच. विल्यम साल्टर प्राइस यांच्या देखरेखीखाली येथे सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि सुतारकी, लोहारकी यांसारखे हातचे धंदे शिकविले गेले. ध्यानात घेण्याजोगे हे की, नाशिक काही बंदर नव्हे. समुद्रावरच्या सुटकेचा किनारा अशा रीतीने घाट चढून गोदाकाठापर्यंत आला.

या कार्याचा निखळ गौरव करणे मात्र सत्याला धरून होणार नाही. मुलांना नवी इंग्रजी नावे मिळाली, जुनी मागे पडली. त्यांनी कोठे राहावे, कोणता व्यवसाय करावा, हे बहुधा इतरांनीच ठरविले. आश्रय देणाऱ्यास आश्रिताच्या आयुष्याचे धनी होण्याचा मोह पडतो; तो त्या काळी होता, आजही आहे.

तरीही आश्रित हे आश्रितच राहिले नाहीत. जेकब वेनराइट हा नाशिकला शिकलेला तरुण १८७३ साली लिव्हिंग्स्टन यांचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत होता आणि पुढे त्या शवासोबत इंग्लंडला गेला. १८७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासाजवळ मुक्त झालेल्यांसाठी फ्रीअरटाउन ही वसाहत उभारली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांचे नाव तिला दिले होते. नाशिकहून गेलेले आफ्रिकी ख्रिस्ती तिचे आधारस्तंभ झाले. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर यांना १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी डीकनपदाची दीक्षा दिली. जोन्स यांच्या राबाई येथील मिशनठाण्यावर मालकांकडून पळालेले गुलाम आसऱ्यास येत व आसरा मिळवीत. मालक ते परत मागू लागले, तेव्हा १८८९ च्या प्रारंभी भरपाई देऊन हजाराहून अधिक लोकांना मुक्तीचे दाखले देण्यात आले. एकेकाळी स्वतः गुलामगिरीतून सोडविलेला मुलगा आता दुसऱ्यांसाठी दार उघडे ठेवीत होता. शरणपूरचे खरे फळ ते हेच.

आज समुद्रावरील बचावाची व्यवस्था पुष्कळच पुढे गेली आहे. १९७९ च्या हॅम्बुर्ग करारान्वये सागर क्षेत्राक्षेत्रांत वाटून घेतले जातात आणि प्रत्येक क्षेत्रातील बचावाचे समन्वयन तेथील केंद्राकडे असते. आपल्याकडे तटरक्षक दलाची अशी केंद्रे मुंबई, चेन्नई व पोर्ट ब्लेअर येथे आहेत. तथापि २००१ साली टाम्पा या नॉर्वेच्या जहाजाने चारशेहून अधिक आश्रयार्थींना वाचविले असता ऑस्ट्रेलियाने त्यांना आपल्या भूमीवर उतरू दिले नाही. त्यानंतर २००४ मध्ये नियम सुधारून, वाचविलेल्यांना सुरक्षित स्थळी उतरविण्यासाठी राष्ट्रांनी एकमेकांशी समन्वय साधावा, असे ठरले. म्हणजे कायद्यानेही मान्य केले की, जहाजावर चढविले म्हणजे कार्य संपले असे नव्हे.

इंदूरहून आपण हे लिहितो, तेव्हा समुद्र फार दूर आहे असे वाटेल. परंतु मुंबईहून नाशिकवरून निघणारा आग्रा रस्ता आपल्याच दारावरून जातो. २०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे रोजगार बुडालेले हजारो मजूर याच रस्त्याने बिजासन घाट चढून उत्तरेकडे चालले होते. त्यांच्यासाठी किनारा कोणता होता? रस्त्याकडेचे पाणी, सावली, आणि ‘या, बसा’ म्हणणारा माणूस.

म्हणून धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी आपल्या ख्रिस्तसभेत दोन प्रश्न अवश्य विचारावेत. आपल्या गावात किंवा वस्तीत आलेल्या परक्यास उतरावयास जागा आहे काय? आणि जागा दिल्यावर त्याचे नाव, त्याची भाषा व त्याचा निर्णय त्याच्यापाशीच राहू देतो काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शरणपूरने दिले. दुसऱ्याचे उत्तर देणे आपणांकडे आहे.