झेरॉक्सच्या दुकानावरचा खटला

कॉलेजच्या आसपासचं झेरॉक्सचं दुकान कोण विसरेल? आमच्या बीटेकच्या बॅचमध्ये तर म्हणायचे, निम्मी डिग्री तिथेच बाइंडिंग करून मिळते. आजची गोष्ट अशाच एका दुकानाची. हे दुकान थेट दिल्ली हायकोर्टात पोहोचलं, आणि त्यामुळे शिकवताना कॉपीराइट असलेलं साहित्य कसं वापरता येतं, याचं उत्तर आपल्याला मिळालं.

आधी थोडं मागे जाऊ. इंग्रजांनी 1914 मध्ये आपल्याकडे कॉपीराइट कायदा आणला, तो त्यांच्याच 1911 च्या कायद्यावर बेतलेला. स्वातंत्र्यानंतर आपण 1957 मध्ये स्वतःचा कायदा केला. त्यातलं कलम 52 म्हणजे अपवादांची यादी. त्या यादीत बसणारं काम केलं तर मालकाची परवानगी लागत नाही. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे कलम लांबलचक इफ-एल्ससारखं दिसतं. त्यातली आपल्या कामाची अट अशी: शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थी प्रत काढू शकतात. आधी ही सवलत पुस्तकं, नाटकं, संगीत, चित्रं यांच्यापुरती होती. 2012 च्या दुरुस्तीत तिथे 'कोणतीही कृती' असे शब्द आले, म्हणजे फिल्म आणि ऑडिओही आत आले.

आणि त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, खटला उभा राहिला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस नावाचं दुकान होतं. प्राध्यापक अभ्यासक्रमानुसार वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं सांगायचे, दुकानदार त्यांच्या प्रती काढून एकत्र बांधून द्यायचा. याला म्हणतात कोर्स पॅक. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी दुकान आणि विद्यापीठ, दोघांनाही कोर्टात खेचलं. ऑक्टोबरमध्ये कोर्स पॅकवर अंतरिम बंदी आली. पण विद्यार्थी गप्प बसले नाहीत. त्यांनी संघटना करून खटल्यात उडी घेतली, शिक्षकांचीही एक संघटना सोबत आली.

16 सप्टेंबर 2016 ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. त्यांचा मुद्दा मला फार आवडतो. ते म्हणाले, कॉपीराइट हा काही निसर्गाने दिलेला हक्क नाही, तो कायद्याने दिलाय आणि कायद्याच्या मर्यादेतच आहे. आणि दुसरं, त्यांच्या विद्यार्थिदशेत मुलं लायब्ररीत बसून हाताने पानं उतरवून घ्यायची. मग झेरॉक्स आलं, आता मोबाइलने फोटो काढतात. हाताने लिहिलं तर चालतं आणि मशीनने काढलं की गुन्हा, असं कसं?

प्रकाशक अपिलात गेले. डिसेंबर 2016 मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सांगितलं, इतकीच पानं किंवा इतकेच टक्के अशी मोजपट्टी कायद्यात नाही. शिकवण्यासाठी ते साहित्य लागतं का, एवढंच बघायचं. हे तपासायला खटला परत खाली पाठवला, पण बंदी घातली नाही. मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

आता तुमच्या-माझ्या शाळेचं बघू. वर्गात फिल्म दाखवायची, गॅदरिंगला गाणं वाजवायचं, तर कलम 52 मध्ये त्यासाठी वेगळी अट आहे. प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असतील तर चालतं. तोच गॅदरिंगचा व्हिडिओ गाण्यासकट यूट्यूबवर सगळ्यांसाठी टाकला, की ही अट मोडते. तिथे परवानगी लागते.

आणि काही गोष्टींना परवानगीच लागत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी त्याचं लेखन सगळ्यांचं होतं. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणजे 2011 पासून 'श्यामची आई' खुलं आहे. अत्र्यांचा त्यावरचा सिनेमा 1953 चा. फिल्मची 60 वर्षं प्रदर्शनापासून मोजतात, त्यामुळे 2014 पासून तोही खुला झाला.

मग लेखकाचं काय? हा प्रश्न खरा आहे. खंडपीठाचं म्हणणं असं, की कोर्स पॅक घेणारी मुलं तशीही तीस-चाळीस महागडी पुस्तकं विकत घेणार नव्हती, ती लायब्ररीत गेली असती. पटतं. पण हजार प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या छोट्या मराठी प्रकाशकाचं दीडशे रुपयांचं पुस्तक आख्खं स्कॅन करून ग्रुपवर फिरवायचं, याला मी तरी शिक्षण म्हणणार नाही. कायद्यातली सवलत शिकण्यासाठी दिलेली आहे. ती टिकवायची असेल तर तेवढ्यासाठीच वापरूया.

तुमच्या शाळेत किंवा कॉलेजात यावर काय नियम आहेत, ते व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!