करवीरच्या राजस्त्रिया आणि घरची जबाबदारी

कोल्हापुरातील ताराराणी चौकात महाराणी ताराबाईंचा अश्वारूढ पुतळा आपण सर्वजण येता-जाता पाहतो. हाती तलवार घेतलेली ती वीरांगना पाहून छाती अभिमानाने भरून येते, हे खरेच. परंतु ज्या अधिकाराने ताराबाई राजकारणात उतरल्या तो तलवारीचा नव्हता, मातेचा होता, ही गोष्ट या पुतळ्यावरून सहसा ध्यानात येत नाही.

सरसेनापती हंबीरराव मोहिते यांची ही कन्या. १७०० च्या मार्चमध्ये छत्रपती राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले, तेव्हा तिचे वय अवघे पंचविशीचे व पुत्र शिवाजी चार वर्षांचा. त्यास गादीवर बसवून तिने राज्याचा भार शिरी घेतला आणि औरंगजेबासारख्या बादशहाशी १७०७ पर्यंत, म्हणजे त्याच्या मृत्यूपर्यंत, नेटाने झुंज दिली. खाफीखानासारख्या मोगलांच्या बखरकारानेही तिच्या बुद्धीची व कारभाराची तारीफ केली आहे. पुढे शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, खेडच्या लढाईत ताराबाईंच्या पक्षाचा पराभव झाला, आणि १७१० च्या सुमारास पन्हाळ्यास करवीरची स्वतंत्र गादी स्थापन झाली.

येथवरची हकीकत शाळेतील मुलेही सांगतील. मौज पुढेच आहे. १७१४ साली ताराबाईंची सत्ता गेली ती शत्रूच्या हातून नव्हे, तर सवतीच्या. राजसबाईंनी आपला पुत्र संभाजी यास गादीवर बसविले व ताराबाईंस पुत्रासह कैदेत टाकले. राजसबाईंजवळ तरी दुसरा कोणता आधार होता? त्याही आईच! ज्या नात्याने एकीस सिंहासनापाशी नेले, त्याच नात्याने दुसरीने तिला तेथून दूर सारले. १७२६ मध्ये शिवाजी कैदेतच वारला, आणि आईपणाचा तो आधारही तुटला. तरी बाई खचल्या नाहीत. १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तल्यावर त्या आजी म्हणून पुन्हा पुढे आल्या. रामराजा हा आपला नातू, असे सांगून त्यांनी त्यास सातारच्या गादीवर बसविले. तो आपल्या कह्यात राहत नाही असे दिसताच, १७५० मध्ये, त्याला सातारच्या किल्ल्यात कोंडले व हा आपला नातूच नव्हे, असेही म्हटले. नाते जोडून सत्ता मिळत असेल, तर ते नाकारूनही राखावी, असा हा हिशेब. प्रस्तुत लेखकास तो रुचत नाही. पण ज्या स्त्रीपाशी नात्याखेरीज दुसरी सनद नव्हती, तिने आणखी काय करावे?

करवीरास संभाजी महाराजांच्या मागे त्यांच्या राणी जिजाबाई यांनी १७६२ मध्ये दत्तक घेऊन १७७३ पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत, कारभार चालविला. येथे पोटचा पुत्र नव्हता. दत्तकाचे मातृत्व होते.

राजेशाही गेली, मतपेटी आली. तरी वाट फारशी बदललेली दिसत नाही. निवेदिता माने १९९९ व २००४ साली इचलकरंजीतून लोकसभेवर निवडून आल्या. त्यांचे सासरे बाळासाहेब माने त्यापूर्वी अनेक वर्षे खासदार होते. चंदगडला २०१३ च्या पोटनिवडणुकीत संध्यादेवी कुपेकर, कोल्हापूर उत्तरला २०२२ च्या पोटनिवडणुकीत जयश्री जाधव, दोघीही दिवंगत पतीच्या जागी विधानसभेत गेल्या. १९९३ च्या घटनादुरुस्तीने गावच्या पंचायतीत एक तृतीयांश जागा स्त्रियांस मिळाल्या; २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. या जागांसाठी वैधव्याची अथवा बालपुत्राची अट नाही. मात्र सभेस निघण्यापूर्वी चूल आटोपून मूल सासूकडे सोपवावे लागते, आणि त्या खटाटोपाची नोंद कोणत्याही इतिवृत्तात होत नाही.