बुलेटचा श्वास

चाकणचा कांद्याचा बाजार जुना, कारखाने फार नंतरचे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. 1960 च्या दशकात आकुर्डीला बजाज आली, पिंपरीला टेल्को आली. आमच्या खेड तालुक्यातली पोरं हळूहळू शिफ्टला जायला लागली. नाशिक रस्त्यावर तेव्हा दोन आवाज ओळखू यायचे. एक स्कूटरचा फरफर आवाज, आणि दुसरा दूध घेऊन पिंपरीकडं निघालेल्या बुलेटचा ठोका.

बुलेट मूळची इंग्लंडातल्या रेडिच गावची. 1949 च्या सुमारास आपल्या लष्करानं ती घ्यायचं ठरवलं. 1955 साली मद्रासला कारखाना निघाला, आणि पुढं इंग्लंडातला कारखाना बंद पडला तरी मद्रासचा चालूच राहिला. त्यामुळं साहेबाच्या देशात जे इंजिन म्हातारं होऊन घरी बसलं, ते आमच्याकडं दुधाच्या किटल्या वाहत होतं.

बुलेट उभी केली की खाली तेलाचा डाग पडायचाच. लोक गमतीनं म्हणायचे, डाग दिसला नाही तर समजा ऑइल संपलं. पण ते तेल गळतं का, हे कोणी विचारायचं नाही. पॅकिंग बदला, बोल्ट आवळा, शेलॅक लावा, एवढाच उपाय. खरं कारण मला पुष्कळ उशिरा एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून कळलं. तो म्हणाला, “अरं, इंजिनाला वरून श्वास लागतो तसा खालूनही लागतो.”

त्याचं गणित असं. 350 बुलेटचा सिलेंडर 70 मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव 90 मिलिमीटर. म्हणजे पिस्टन एकदा खाली आला की 346 घनसेंटिमीटर, साधारण लिटरचा तिसरा हिस्सा हवा खालच्या क्रँककेसमध्ये दाबली जाते. वर गेला की तेवढीच जागा पुन्हा मोकळी होते. इंजिन मिनिटाला 2400 फेरे फिरत असेल तर हे सेकंदाला 40 वेळा होतं. लोहाराचा भाताही एवढा चालत नाही. त्यात भर म्हणजे जळालेला गॅस थोडाथोडा रिंगांच्या फटीतून खाली उतरतो. त्याच्यासोबत न जळलेल्या पेट्रोलची वाफ येते, पाण्याची वाफ येते. हे सगळं आत कोंडलं तर दाब वाढतो, आणि जिथं पॅकिंग दुबळं तिथून तो ऑइल घेऊन बाहेर येतो. पाण्याची वाफ आतच थिजली की ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट थर धरतो. थंडीत जवळजवळच फिरणाऱ्या गाडीत तो हमखास दिसतो.

आकुर्डीच्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरला ही अडचण नव्हती. तिथं क्रँककेस हाच पंप. पिस्टन वर जाताना पेट्रोल-ऑइलचं मिश्रण खाली ओढतो आणि खाली येताना तेच सिलेंडरात ढकलतो. म्हणजे जो दाब बुलेटला नकोसा, त्याच्यावरच स्कूटर चालते. पण ती ऑइलही जाळते, म्हणून मागं निळा धूर सोडते.

फोर-स्ट्रोकवाल्यांना मात्र वाट काढावीच लागली. नुसतं भोक ठेवलं तर पिस्टन वर जाताना बाहेरची हवा, धूळ आत ओढली जाते. म्हणून एकेरी वाट हवी. इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीनं आपल्या जुन्या दोन सिलेंडरच्या गाड्यांत कॅमशाफ्टच्या टोकाला भोकं असलेली फिरती चकती बसवली होती. पिस्टन खाली येताना भोकं जुळायची, वर जाताना झाकली जायची. बुलेटवाल्यांनी पुढं सोपं केलं. नळीच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखं चपटं रबर लावलं. आतून दाब आला की चोच उघडते, दाब सरला की मिटते. शेतकऱ्याला हे लगेच कळावं. विहिरीतल्या पंपाला आपण फूट-व्हॉल्व्ह लावतो ना? पाणी वर चढतं, परत उतरत नाही. तीच ही गोष्ट. हवा अशी फक्त बाहेर जात राहिली की आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमीच राहतो. मग ऑइल बाहेर पाझरण्याऐवजी सांध्यातून आत ओढलं जातं.

माझ्या मामांकडं लिलावातली बुलेट होती. नळीतून उडणाऱ्या तेलानं धोतर खराब होतं म्हणून आधीच्या मालकानं नळीत लाकडाची खुंटी ठोकली होती. मामांनी दोन वर्षांत तीनदा इंजिन खोललं. दर खेपेला पॅकिंग नवं, आणि महिन्याभरात गळती पहिल्यासारखी. दर खेपेला दुधाचे आठ-दहा दिवस बुडायचे, गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जायचं. मिस्त्रीनं खुंटी काढली, नवी नळी आणि नवं रबर लावलं. खर्च चहापाण्याएवढा. गळती थांबली. “मामा,” तो म्हणाला, “ज्याचं नाक दाबलं त्यानं तोंड उघडणारच.”

जुनी बुलेट बाळगणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. इंजिन खोलायच्या आधी ती नळी बघा. रबर कडक झालंय का, चिरलंय का, नळी पिचलीय का. नळीत फुंकून बघा. हवा एकाच दिशेनं जायला हवी.

पण नळीतून निघालेला तो वाफारा जायचा कुठं? बुलेटच्या चेनवर, रस्त्यावर, आमच्या हवेत. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॅलिफोर्नियानं हे पहिल्यांदा मनावर घेतलं. धुरक्यानं लोकांचे डोळे झोंबायला लागले, तेव्हा मोटारींचा हा वाफारा परत इंजिनातच नेऊन जाळायची सोय झाली. आज चाकणला 2001 पासूनची पल्सर बनते, 2023 पासून ट्रायम्फच्या 400 सीसीच्या गाड्याही बनतात. आताच्या गाड्यांत ब्रीदरची नळी उघड्यावर सोडत नाहीत, एअर फिल्टरच्या डब्यात नेतात. इंजिन आपली घाण आपण गिळतं.

म्हणजे मनात आणलं, आणि कायदा मागं लागला, तर हे जमतं. मोटारसायकलीला जमलं ते आमच्या पट्ट्याला अजून जमलेलं नाही. कारखान्यांचं आणि वस्तीचं सांडपाणी नदीत येतं, आणि आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो. वारकरी तो हातानं बाजूला सारून पाणी डोक्याला लावतात. इथंही नळीचं तोंड कुठं सोडलंय, तेच आधी बघायला हवं.