दिल्ली मोठी की मुंबई?

आमदारकीनंतर खासदारकी म्हणजे बढती, असा आपला साधा हिशेब असतो. नंदुरबारमध्ये तो चालत नाही.

१९७७ आणि १९८० साली इथून लोकसभेवर गेलेल्या सुरूपसिंग नाईकांनी १९८१ मध्ये दिल्ली सोडली आणि राज्यात मंत्रिपद घेतले. त्यांच्या जागी पोटनिवडणुकीत माणिकराव गावित निवडून गेले, ते सलग नऊ वेळा. एवढ्या कारकिर्दीत केंद्रात त्यांच्या वाट्याला आले ते राज्यमंत्रिपद. २०१४ मध्ये भाजपच्या डॉ. हिना गावित यांनी त्यांना हरवले.

२०१९ मध्ये काँग्रेसने हिनाताईंसमोर ॲड. के. सी. पाडवींना उतरवले. सातपुड्यातल्या अक्राणी-अक्कलकुव्याचे हे जुने आमदार. सुमारे ९५ हजार मतांनी ते पडले. त्याच ऑक्टोबरात त्यांनी विधानसभेची आपली जागा थोडक्या मतांनी राखली आणि ३० डिसेंबरला ते मंत्री झाले. शपथेच्या मजकुरात त्यांनी पदरची वाक्ये जोडली, तेव्हा राज्यपाल कोश्यारींनी त्यांना पुन्हा शपथ घ्यायला लावली. खाते मिळाले आदिवासी विकास. खासदारकी हुकलेल्या माणसाच्या हाती जिल्ह्याच्या दृष्टीने सगळ्यांत वजनदार खाते आले.

वजनदार अशासाठी की इथल्या लोकसभा मतदारसंघातले सहाही विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. आश्रमशाळा, वसतिगृहे, आदिवासी विकासाचा निधी, सगळे मुंबईतून हलते. वनहक्क कायदा २००६ मध्ये संसदेने केला, पण दाव्यांची कागदे फिरतात ती तहसील, प्रांत आणि जिल्हाधिकारी कचेरीतच. सरदार सरोवराने बाधित झालेली महाराष्ट्रातली ३३ गावे अक्कलकुवा-धडगाव भागातली. धरण गुजरातेत, वाद चार राज्यांचा. तिथे मात्र दिल्लीवाचून चालत नाही.

म्हणून दोन्ही टोके घरातच ठेवायची रीत पडली. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि पाडवींचे खाते हिनाताईंचे वडील डॉ. विजयकुमार गावित यांच्याकडे गेले. वडील मुंबईत, लेक दिल्लीत. २०२४ मध्ये पाडवींचे पुत्र ॲड. गोवाल यांनी हिनाताईंना दीड लाखाहून अधिक मतांनी हरवले. बापाला न मिळालेली दिल्ली मुलाला मिळाली.

पण त्याच नोव्हेंबरात के. सी. पाडवी आपल्या घरच्या जागेवर शिवसेनेच्या आमश्या पाडवींकडून तीन हजारांहून कमी मतांनी हरले. अपक्ष म्हणून हिनाताईही याच रिंगणात होत्या. लोकसभा हरल्यावर त्यांनाही विधानसभाच गाठावीशी वाटली, यातच सगळे आले.

राखीव जागांमुळे सत्ता आदिवासी घरांत आली, ही मोठी गोष्ट. ती दोन-चार घरांपुरती राहिली, तर धडगावच्या पाड्यावर वनहक्काचा कागद हाती येण्याची वाट पाहणाऱ्याला दिल्ली आणि मुंबई सारखीच लांब.