काट्यावर न चढलेला वस्ताद

कुमार गटाच्या कबड्डी सामन्याआधी माझ्या पोरांना वजनकाट्यावर चढावं लागतं. काटा पुढे सरकला की पोरगा बाद. बदलापुरात ३१ वर्षं शिकवतोय, पण त्या काट्यावर मी स्वतः कधी उभा राहिलो नव्हतो. पंचावन्नाव्या वर्षी मैदानावरच छातीत कळ आली, स्टेंट बसला आणि मग कोणीतरी पहिल्यांदा माझ्या पोटाला टेप लावली. ९९ सेंटिमीटर! आपल्याकडच्या पुरुषाला ९० ची मर्यादा. लोकलमधले सोबती तर म्हणायचे, ‘सर, तुम्ही अजून सडपातळ!’

जुन्या तालमीत वस्ताद हौद्यात उतरायचा. ताक, तेल, हळद मुरवलेल्या तांबड्या मातीत पठ्ठ्याच्या अंगाला अंग भिडवून डाव सांगायचा. शिकवता शिकवता त्याची मेहनत होऊन जायची, आणि दूध-तूप-बदामाचा खुराक त्या मेहनतीच्या मापाचा असायचा. गुडघे गेले की तो काठावर बसे. मेहनत सुटे, खुराक सुटत नसे. सुटलेलं पोट मग मानाचं म्हणून मिरवलं जाई, हे मला आजही खुपतं. पुढे शाळांत कवायत आली, शिट्टी आली आणि शिकवणारा रेषेबाहेर गेला तो गेलाच.

बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं. आमच्या बदलापूरवरून कर्जतला जावं आणि घाट चढावा, की लोणावळा. तिथे त्यांनी आसनं करणाऱ्यांचा रक्तदाब मोजला, क्ष-किरणांनी शरीराच्या आत पाहिलं. व्यायामशाळेत घडलेला माणूस शरीर नजरेने जोखायचं सोडून मोजायला लागला. आमच्या धंद्यातली याहून मोठी घटना मला ठाऊक नाही.

१९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरचे चालक आणि वाहक ताडून पाहिले. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी, बसून राहणाऱ्या चालकांना जास्त. बस तीच. माझं मैदानही तेच होतं. पोरं वाहक, मी चालक.

आणि सडपातळपणाचं कोडं पुण्यात सुटलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! स्वतःचंच शरीर पुराव्याला ठेवणाऱ्या या डॉक्टरांपुढे मी हात जोडतो.

आता वजनाच्या रांगेत पहिला मी. ‘सर, किती?’ पोरं ओरडतात. परवा टेप ९३ वर आली. चढाईला डॉक्टरांची मनाई आहे, म्हणून पोरं दम घुमवतात तेव्हा मी मैदानाला भरभर फेऱ्या घालतो. शिट्टी खिशात असते.